व्हर्सायची बाग एका दिवसात नीट पाहायची असेल तर

प्रश्न थोडक्यात असा: जूनमध्ये पॅरिसला जायचं आहे. आम्ही दोघं नवरा-बायको, सोबत सत्तरीच्या घरातले सासू-सासरे आणि दहा वर्षांची मुलगी. व्हर्सायसाठी एकच दिवस आहे. राजवाडा पाहावा की बाग? कारंजी नेमकी कधी असतात? आणि एवढं चालणं झेपेल का?

आधी निर्णयाचं सांगतो. बहुतेक लोक राजवाड्याच्या वेळेभोवती दिवस आखतात आणि उरलेल्या वेळात बागेत डोकावतात. बागेचं वाटोळं होतं ते तिथेच. व्हर्सायची बाग पाण्यासाठी आखलेली आहे, आणि पाणी दिवसभर सुरू नसतं. म्हणून दिवस पाण्याच्या वेळापत्रकाभोवती बांधा आणि राजवाडा त्यात बसतो का ते नंतर बघा.

तिकीट काढताना दोन नावांत हमखास गोंधळ होतो. एप्रिल ते ऑक्टोबर या हंगामात बागेला बहुतेक दिवशी वेगळं तिकीट असतं, पण ते दोन प्रकारच्या दिवसांचं. ‘ग्राँद ओ म्युझिकाल’ म्हणजे कारंजी चालू, संगीत चालू, कुंजांची दारं उघडी. ‘जार्दँ म्युझिको’ म्हणजे संगीत आहे, कुंज उघडे आहेत, पण कारंजी जवळजवळ सगळी बंद. दुसऱ्या प्रकारचं तिकीट काढून लोक कोरड्या कारंज्यांसमोर उभे राहतात आणि बंद पडली असतील असं समजतात. तुम्हाला पहिला प्रकार हवा. तो शनिवार-रविवारी असतो आणि हंगामातल्या काही आठवड्यांत मंगळवारीही. मंगळवार मात्र टाळा. त्या दिवशी लूव्र संग्रहालय बंद असतं, त्यामुळे पॅरिसमधली निम्मी पर्यटक मंडळी व्हर्सायला येतात. सोमवारी राजवाडा आणि त्रियानों (बागेपलीकडचे दोन छोटे राजवाडे आणि त्यांची बाग) बंद, मुख्य बाग उघडी.

शनिवार घ्यायचा की रविवार? जूनपासून शनिवारी रात्री दिव्यांचा आणि आतषबाजीचा वेगळा खेळ असतो. त्याच्या तयारीसाठी बाग त्या संध्याकाळी लवकर रिकामी करतात. हा रात्रीचा खेळ तुमच्यासाठी नाही. जूनमध्ये पॅरिसला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, आतषबाजी अकराच्या आसपास, आणि मग गर्दीतून परतीची गाडी. त्यापेक्षा रविवार घ्या. पॅरिसकर त्या दिवशी बागेत मोठ्या संख्येने येतात, पण बाग एवढी मोठी आहे की ती गर्दी पचवते. राजवाड्याच्या दालनांना ते जमत नाही.

पॅरिस म्युझियम पास घेणार असाल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पासवर राजवाडा होतो, पण त्यासाठीही वेळेचं आरक्षण संकेतस्थळावर आधी करावं लागतं. आणि कारंज्यांच्या दिवशी बाग पासमध्ये येत नाही, तिचं तिकीट वेगळं काढायचं. राजवाडा, बाग आणि त्रियानों मिळून एक ‘पासपोर्ट’ तिकीट असतं, तिन्ही पाहणार असाल तर ते सोयीचं. मुलीला राजवाडा फुकट आहे, बाग मात्र कारंज्यांच्या दिवशी नाही. सहा वर्षांवरच्या मुलांना सवलतीचं तिकीट लागतं. दर आणि वेळा दरवर्षी बदलतात, त्यामुळे तिकीट राजवाड्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा. सारख्या नावांची दलालांची संकेतस्थळं पुष्कळ आहेत.

आता राजवाड्याचं. सकाळी नऊचा पहिला स्लॉट मिळाला तर घ्या, नाहीतर सोडून द्या. अकरा-बाराच्या स्लॉटने सकाळचं पाणी हुकतं आणि दालनांतल्या रेटारेटीत वडीलधाऱ्यांचे पाय बागेआधीच थकतात. नऊला आत गेलात तर शाही दालनं आणि आरसेमहाल एवढंच पाहून साडेदहापर्यंत बाहेर पडा. आरसेमहाल ७३ मीटर लांब आहे, ३५७ आरसे आणि त्यांच्यासमोर १७ खिडक्या. लोक झुंबरांचे फोटो काढतात. तुम्ही मधल्या खिडकीशी जाऊन बाहेर पाहा. बागेचा मुख्य अक्ष तिथूनच सुटतो, आणि बागेचा नकाशा डोक्यात बसायला ते एक मिनिट पुरतं.

पोहोचायचं कसं? आरईआर या उपनगरी रेल्वेच्या सी मार्गाने ‘व्हर्साय शातो रिव्ह गोश’ या स्थानकावर उतरा. तिथून राजवाडा दहा मिनिटांच्या चालीवर आहे. सी मार्गाला शेवटी फाटे फुटतात. ‘सँ-काँताँ-आन-इव्हलीन’ची गाडी व्हर्सायच्याच शाँतिए स्थानकावरून जाते आणि तिथून राजवाडा दुप्पट लांब पडतो. फलाटावरच्या पाटीवर गाडीचं चार अक्षरी सांकेतिक नाव असतं. ते ‘व्ही’ने सुरू होणारं असेल तर गाडी तुमची. जानेवारी २०२५पासून पॅरिस परिसरात मेट्रो, ट्रेन आणि आरईआरचं एकच सपाट भाडं झालं आहे, त्यामुळे व्हर्सायसाठी वेगळ्या टप्प्याचं तिकीट शोधायची गरज नाही. नाव्हिगो हे प्रवासाचं कार्ड मात्र प्रत्येकाचं स्वतंत्र हवं. एकाच कार्डावर पाच जण जाऊ शकत नाहीत आणि तपासनीस दंड करतात. उन्हाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, सी मार्गावर दुरुस्तीची कामं असतात. निघण्याच्या आदल्या रात्री एकदा बघून घ्या.

मार्ग सांगण्याआधी पाण्याबद्दल थोडं, कारण ते कळलं की वेळापत्रक असं का आहे हेही कळतं. १६६१मध्ये फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईने उद्यानरचनाकार आंद्रे ल नोत्रला काम दिलं तेव्हा ही जागा दलदलीची, आणि जवळपास मोठी नदी नाही. कारंजं उडायला पंपापेक्षा उंची लागते. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी तळमजल्याच्या नळाला जोर देते, तसंच इथे वरचे हौद खालच्या कारंज्यांना जोर देतात. त्या हौदांपर्यंत पाणी चढवणं हीच खरी अडचण होती. सेन नदीचं पाणी उचलायला १६८१ ते १६८४मध्ये मार्लीचं यंत्र उभारलं. १४ प्रचंड पाणचक्क्या दोनशेहून अधिक पंप चालवून पाणी दीडशे मीटरहून उंच चढवत. तेही पुरेना, म्हणून १६८५मध्ये ओर नदी वळवायचं काम काढलं. हजारो सैनिक त्यावर खपले. १६८८मध्ये युद्ध सुरू झालं आणि त्यासाठी बांधायला घेतलेला माँतनोंचा जलसेतू अर्धवट राहिला तो कायमचा. एवढं करूनही सगळी कारंजी एकाच वेळी फार काळ चालवणं शक्य नव्हतं. राजाची स्वारी पुढे सरकेल तशी कारंजेवाले शिट्टीने एकमेकांना इशारा देत. पुढचं कारंजं सुरू व्हायचं, मागचं बंद.

आज पाणी फिरवून वापरतात, म्हणजे बागेच्या टोकाच्या मोठ्या कालव्यातून पुन्हा हौदांत चढवतात. पण ५५ जलरचना, सहाशेहून अधिक फवारे आणि ३५ किलोमीटर नळांचं जाळं हे आजही बरंचसं जुन्याच पद्धतीने, वरून येणाऱ्या पाण्याच्या दाबावर चालतं. काही नळ चौदाव्या लुईच्या काळचे बिडाचे आहेत. जमिनीत असलेल्या झडपा कारंजेवाले लांब दांड्याच्या किल्लीने हाताने उघडतात. म्हणून पाणी सहसा दोन सत्रांत सुटतं, उशिरा सकाळी एकदा आणि दुपारनंतर एकदा. नेपच्यूनचं मोठं कारंजं साधारण सर्वात शेवटी, थोड्याच मिनिटांसाठी. प्रवेशद्वारावर त्या दिवसाच्या वेळा छापलेला नकाशा देतात. तो खिशात घालू नका, हातात धरा.

मार्ग कुठला घ्यावा याचं उत्तर खुद्द राजाने लिहून ठेवलं आहे. १६८९ ते १७०५ या काळात चौदाव्या लुईने बाग कशी दाखवावी याची टिपणं तयार केली, एकदा नव्हे तर सहा वेळा सुधारून. कुठे थांबायचं, कुठे मागे वळून पाहायचं, कुठली बाजू आधी, हे सगळं त्यात आहे. इतक्या वर्षांत काही कुंज बदलले, काही गेले, पण सांगाडा अजून लागू पडतो: गच्ची (म्हणजे राजवाड्यामागचा उंच सपाट ओटा), लातोनाचं कारंजं, मग दक्षिण बाजू, उतरत अपोलोच्या तळ्यापर्यंत, आणि उत्तर बाजूने वर. उलटं फिरलात तर बाग नुसती मोठी वाटते. या क्रमाने गेलात तर ती एकेक पदर उलगडते.

गच्चीवर दोन आयताकृती जलाशय आहेत, काठावर फ्रान्सच्या नद्यांच्या कांस्यमूर्ती पहुडलेल्या. या जलाशयांत फवाऱ्यांपेक्षा आकाशाचं प्रतिबिंब महत्त्वाचं. इथे राजवाड्याच्या मध्यावर उभं राहून पश्चिमेला पाहा. समोर लांबवर कालवा चमकतो, पण मधलं लातोनाचं कारंजं मुळीच दिसत नाही. दहा-दहा पावलं पुढे जा आणि थांबत राहा. कठड्याशी आलात की जमीन एकदम खाली उतरते आणि लातोना, हिरवळीचा पट्टा, अपोलो, कालवा हे सगळं एका दमात समोर येतं. ल नोत्रने उतार मुद्दाम असा कापला आहे. गच्चीपासून कालव्यापर्यंत जमीन जवळपास ३० मीटर उतरते आणि अंतर जवळजवळ एक किलोमीटर आहे, पण डोळ्याला ते त्याच्या निम्मंही वाटत नाही, कारण लांबच्या गोष्टी मुद्दाम मोठ्या केल्या आहेत. मधला हिरवा पट्टा ३३५ मीटर लांब आणि ४० मीटर रुंद, आणि तो कालवा, ग्रँड कॅनॉल, तर १,६७० मीटर. ‘हे काय, समोरच तर आहे’ असं म्हणून लोक भर उन्हात निघतात आणि अर्ध्यात बसायला बाक शोधू लागतात. वडीलधाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवा.

लातोनापाशी मुलीला दहा मिनिटं द्या. कथा रोमन कवी ओव्हिडची आहे. अपोलो आणि डायना या जुळ्यांना घेऊन तहानलेली लातोना तळ्याशी येते, लिशियाचे शेतकरी तिला पाणी पिऊ देत नाहीत, तळं गढूळ करतात, आणि शापाने बेडूक होतात. शिल्पकार मार्सी बंधूंनी १६६८ ते १६७०मध्ये हे घडवलं. खालच्या पायऱ्यांवर पूर्ण बेडूक आहेत. वर चढत गेलं की अर्धवट रूप बदललेली माणसं दिसतात: कुणाचं तोंड बेडकाचं पण हात माणसाचे, कुणाचा चेहरा अजून माणसाचा पण ओठ फाकून रुंद होत चाललेले. पाणी सुरू नसताना हे चेहरे नीट दिसतात, सुरू झाल्यावर तुषारांत हरवतात. म्हणून पाणी सुटायच्या थोडं आधी तिथे असावं. सगळ्यात वरची लातोना आधी राजवाड्याकडे तोंड करून होती. १६८७ नंतर वास्तुकार आर्दुआँ-माँसारने रचना बदलली तेव्हा तिला कालव्याकडे वळवलं.

इथून लगेच खाली उतरू नका. डावीकडे, दक्षिणेच्या नक्षीदार वाफ्यांपलीकडे कठड्यापर्यंत जा आणि खाली ऑरांजरी पाहा. खाली जायची गरज नाही. दोन्ही बाजूंचे ‘शंभर पायऱ्यां’चे जिने गुडघ्यांना महाग पडतात, आणि दृश्य वरूनच पूर्ण दिसतं. मे मध्यापासून ऑक्टोबर मध्यापर्यंत इथे हजाराहून अधिक झाडं पेट्यांतून बाहेर मांडलेली असतात: कडू संत्री, लिंबं, डाळिंबं, कण्हेर, ताड. काही संत्र्याची झाडं दोनशे वर्षांहून जुनी. थंडीत ती सगळी पायाखालच्या दालनात जातात. मधलं दालन दीडशे मीटरहून लांब, भिंती काही मीटर जाड, दारं-खिडक्या दक्षिणेला, त्यामुळे शेकोटीशिवायही आत गोठत नाही. झाडांच्या चौकोनी लाकडी पेटीची एक बाजू लोखंडी पट्ट्या काढून उघडता येते. झाड न उपटता मुळं छाटायची आणि माती बदलायची म्हणून ही सोय. अशीच पेटी पुढे युरोपभर ‘व्हर्साय पेटी’ म्हणून गेली.

आता पाणी सुटलेलं असेल. उतरताना डाव्या हाताचे कुंज घ्या. कुंज म्हणजे उंच हिरव्या भिंतींआड लपवलेल्या उघड्या खोल्या. बाहेरून काहीच कळत नाही, आत शिरल्यावरच दिसतं. नृत्यकुंज पहिला घ्या. पायऱ्यापायऱ्यांवरून शिंपल्यांवर ओघळणारं पाणी आता इथेच उरलं आहे. हे शिंपले आफ्रिकेच्या आणि मादागास्करच्या किनाऱ्यांवरून आणलेले. समोर गवताच्या पायऱ्या असल्या तरी कडेला टेकायला जागा मिळते. मग आरशाचं तळं: तिथले फवारे संगीतावर थोड्या-थोड्या वेळाने नाचतात, बाकंही आहेत, वडीलधाऱ्यांना बसवून ठेवायला उत्तम. मग कोलोनाद, १६८५चा, ३२ संगमरवरी खांबांचं वर्तुळ. त्याच्या मध्याजवळ उभं राहा, काठावरून त्याचा आकार कळत नाही. बागेत एकेकाळी इसापनीतीच्या ३९ कारंज्यांचा भूलभुलैयाही होता. तो १७७०च्या दशकात मोडला आणि तिथे राणीचा कुंज झाला. जुनी वर्णनं वाचून तो शोधत फिरू नका.

अपोलोच्या तळ्यापाशी थांबा. शिल्पकार तुबीने १६६८ ते १६७१मध्ये शिशात ओतून सोन्याने मढवलेला सूर्यरथ अर्धा पाण्याबाहेर आला आहे. तळं बागेच्या तळाशी असल्यामुळे दाब इथे चांगला मिळतो आणि फवारे उंच जातात. वाऱ्याकडे पाहून उभं राहा. वारा पश्चिमेचा असेल तर राजवाड्याच्या बाजूला उभे असलेले भिजतात. इथून मागे वळून राजवाडा पाहायला विसरू नका. राजाच्या टिपणांत तसं सांगितलेलंच आहे.

जेवणाची वेळ झाली. बागेत डबा उघडायला परवानगी नाही, पहारेकरी उठवतात. अपोलोपलीकडचं फाटक ओलांडून कालव्याच्या काठच्या पार्कात गेलात की हिरवळीवर बसून खाता येतं. तिखटामिठाच्या पुऱ्या, धपाटे, काहीही चालेल. बागेचं तिकीट टाकू नका, परत आत येताना तपासतात. स्वच्छतागृह इथेच उरकून घ्या. मुलीला कालव्यात वल्हवायची होडी आवडेल. ती तासाच्या हिशेबाने मिळते.

चालण्याबद्दल. वाटा बारीक खडीच्या आहेत, त्यामुळे चाकाच्या खुर्चीची पुढची लहान चाकं रुततात. राजवाड्यात ओळखपत्र ठेवून खुर्ची मिळते, पण ती आतल्या फरशीसाठी चांगली. बागेत विजेवरची छोटी गाडी भाड्याने मिळते, तीही तासाच्या हिशेबाने. तिच्यात चारच जण बसतात, तुम्ही पाच आहात. चालकाकडे वाहन परवाना मूळ प्रत हवा, फोनमधला फोटो चालत नाही. गाडीचा मार्ग ठरलेला असतो, त्याबाहेर गेली की ती आपोआप थांबते, आणि कुंजांत ती शिरतच नाही. उशिरा परत केली तर जादा पैसे. म्हणून माझा सल्ला: सकाळचा उतार सगळ्यांनी सावकाश पायी करावा, आणि वर चढायला छोटी रेलगाडी घ्यावी. ती कालव्यापासून आणि त्रियानोंवरून राजवाड्याच्या उत्तर बाजूला आणून सोडते. तिचं तिकीट वेगळं. या गाडीतून सासू-सासरे वर येतील, तुम्ही दोघं मुलीला घेऊन उत्तरेचे कुंज करत चढा, आणि वर गाठ घाला.

त्रियानोंचं काय? दुपारी बाराला उघडतं, राजवाड्यापासून चालत पंचवीस-तीस मिनिटं. तिथलं राणी मारी आंत्वानेतचं खेडं १७८३ ते १७८६चं. ती बाग वळणावळणाच्या वाटांची, वेगळ्या काळाची आणि वेगळ्या रुचीची. एका दिवसात दोन्ही कोंबलं की दोन्ही अर्धवट राहतात. यावेळी सोडा.

त्याऐवजी उत्तरेकडे एन्केलादस. खडकांखाली गाडला जाणारा राक्षस, फक्त डोकं आणि हात बाहेर, आणि त्याच्या तोंडातून २५ मीटर उंच फवारा. मुलीला दिवसभरातलं बहुधा हेच लक्षात राहील. ओबेलिस्क कुंजात २३१ फवारे एकत्र उसळून पाण्याचा खांब उभा करतात. जवळच अपोलोचं स्नानगृह, चित्रकार यूबेर रोबेरच्या आखणीचा कृत्रिम डोंगर. तिथल्या मूर्ती आता प्रतिकृती आहेत, मूळ संगमरवर हवामानापासून वाचवायला आत नेलं. बागेतल्या बऱ्याच मूर्तींच्या बाबतीत हेच केलं आहे आणि ते योग्यच आहे. कुंजांतली झाडं तुम्हाला वाटतात तेवढी जुनी नाहीत हेही इथे दिसेल. २६ डिसेंबर १९९९च्या वादळात दहा हजारांच्या आसपास झाडं उन्मळून पडली. नव्या लागवडीत माळ्यांनी चौदाव्या लुईच्या काळचे आराखडे आणि झाडांची उंची पुन्हा धरली, म्हणून आज बाग ल नोत्रच्या आखणीच्या जास्त जवळ आहे.

शेवट नेपच्यूनपाशी करा. वरून जलवीथीने उतरा. दोन्ही बाजूंना ब्राँझची मुलं डोक्यावर पाण्याच्या थाळ्या धरून उभी असतात. तळाशी ड्रॅगनचा २७ मीटरचा फवारा, आणि पुढे नेपच्यूनचं अर्धवर्तुळ, ९९ फवाऱ्यांचं. मूर्ती १७४१मध्ये, पंधराव्या लुईच्या काळात बसल्या. कार्यक्रमाच्या वीस मिनिटं आधी समोरच्या गवताच्या उतारावर जागा धरा. उतार नुकताच पाण्याने भिजलेला असू शकतो, बसायला काहीतरी जवळ ठेवा. वडीलधाऱ्यांसाठी काठावर उभं राहायला सपाट जागाही आहे.

पाणी थांबलं की राजवाड्याकडे परत चढू नका. नेपच्यूनच्या फाटकातूनच शहरात बाहेर पडा आणि ‘रिव्ह द्रुआत’ स्थानक गाठा, पंधरा मिनिटांच्या आतबाहेर. तिथून एल मार्गाची गाडी सरळ सँ-लाझारला जाते. ती तिथूनच सुटते, त्यामुळे बसायला जागा मिळते, तर त्याच वेळी रिव्ह गोशवर राजवाड्यातून निघालेली सगळी गर्दी एकदम पोहोचलेली असते.